टर्नहॅम ग्रीनची पंगत

माझ्या नवऱ्याला एका पेशंटने बिघडवलं. नवरे बिघडायला बाया असतात, बाटल्या असतात, पत्ते असतात. आमचा बिघडला तो पंच्याऐंशी वर्षांच्या एका इंग्रज म्हाताऱ्यामुळे, आणि तोही ऑपरेशनच्या टेबलावर आडवा पडलेला.

श्रीनिवास भूल देणारा डॉक्टर. शहाऐंशी साली त्याला बॅनबरीकडच्या एका हॉस्पिटलात सहा महिन्यांचं काम मिळालं. सुई टोचताना पेशंटला बोलतं ठेवायचं ही त्याची पद्धत. कुणी नातवंडांचं सांगतं, कुणी कुत्र्याचं. हा म्हातारा म्हणाला, "डॉक्टर, एजहिलची लढाई ठाऊक आहे का? आमच्या गावामागेच झाली, १६४२ साली. एकीकडे राजा, दुसरीकडे पार्लमेंट. घराघरात दोन तट. राजाचा भाचा घोडदळ घेऊन जो सुटला, तो सुटला, आणि मग..." आणि मग म्हातारा घोरायला लागला. भूल उत्तम लागली होती.

पुढे दोन दिवस श्रीनिवासची सुट्टी आणि तोवर म्हातारा घरी गेलेला. मग काय झालं, हे नवऱ्याला कळेना. तो लायब्ररीत गेला. भाच्याने शत्रूची फळी मोडली, पण पळणाऱ्यांच्या मागे तो इतका लांब गेला की परत येईपर्यंत लढाई बरोबरीत सुटलेली, असं त्याला कळलं. पण त्यानंतर काय, हा प्रश्न उरलाच. त्या दिवसापासून पश्चिम लंडनमधल्या आमच्या ईलिंगच्या घरात इंग्रजांची यादवी सुरू झाली.

आमटीत मीठ बरं आहे का विचारावं, तर उत्तर यायचं की मार्स्टन मूरला एका संध्याकाळी राजाच्या हातून सगळं उत्तर इंग्लंड गेलं. शिल्पाच्या शाळेत पेरेंट्स ईव्हनिंगला निघावं, तर गाडीत नेझबी, आणि तिथे राजाचं पायदळ संपलं की मगच आम्हाला पार्किंग सापडायचं. त्याला सगळ्यात प्रिय होतं ते पटनी. आमच्यापासून अर्ध्या तासावर, नदीकाठच्या चर्चमध्ये साध्या शिपायांनी आपल्याच सेनापतींना विचारलं होतं की लढलो आम्ही, तर मत आम्हाला का नाही? हे सांगताना त्याचा आवाज जरा कापायचा. मग जानेवारीच्या थंडीत राजाचं डोकं उडायचं. "विचार कर, सुप्रभा! राजावर खटला! त्याच्याच प्रजेने!"

"करते विचार," मी म्हणायची. "तोवर तू कांदा चिर."

या लढाया पुन्हा लुटुपुटूच्या लढणाऱ्यांची एक रेजिमेंट आमच्या भागात होती. आठवडाभर बस चालवायची, शाळेत शिकवायचं, आणि शनिवारी लोखंडी टोप घालून चिखलात एकमेकांना ढकलायचं. श्रीनिवास त्यात दाखल झाला. त्याला हवा होता भाला. सोळा फुटी, अॅश लाकडाचा, फळीत खांद्याला खांदा लावून धरायचा. त्याला मिळाली बादली.

सहा वर्षं तो पाणक्या होता. लढाईच्या मधल्या वेळात बादली आणि लाकडी ओगराळं घेऊन पळायचं, तहानलेल्या वीरांना पाणी पाजायचं आणि बाजूला व्हायचं. त्याच्यानंतर आलेल्यांना भाले मिळाले. सार्जंट डेनिस, म्हणजे ग्रीनफर्डचा एक आडदांड बस ड्रायव्हर, दर वर्षी रेजिमेंटच्या कमिटीकडे श्रीनिवासचं नाव द्यायचा. दर वर्षी ते परत यायचं. परत पाठवणारी होती मिस ऑडली. सगळं काही १६४२ सालासारखंच दिसतंय ना, हे बघायचं काम तिच्याकडे. मनगटी घड्याळ नको, चेन नको, चष्मा नको. आमच्या नवऱ्याने चष्मा काढला, घड्याळ काढलं, चेनच्या जागी बटणं लावली. मग जे उरलं ते काही त्याला काढून ठेवता येण्यासारखं नव्हतं.

मी त्याला हसायची. हे कबूल करते. सगळ्या ईलिंगसमोर "आमचे पाणके" म्हणून त्याची ओळख करून द्यायची. तोही हसायचा. पण मागच्या बागेत कपडे वाळत घालायच्या खांबाची काठी दोन्ही हातांत धरून तो ताठ उभा राहायचा, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिलं होतं.

ब्याण्णवच्या नोव्हेंबरात टर्नहॅम ग्रीनला साडेतीनशे वर्षं होणार होती. ही आमच्या घराजवळची लढाई, आणि गंमत म्हणजे यात लढाई झालीच नाही. एजहिलनंतर राजा लंडनवर चालून आला. वाटेत ब्रेंटफर्ड लुटलं. दुसऱ्या दिवशी टर्नहॅम ग्रीनला बघतो तर समोर पार्लमेंटची चोवीस हजार माणसं. शिपाई थोडे, बाकी लंडनचे दुकानदार, शिंपी, त्यांचे नोकर. ती माणसं नुसती उभी राहिली. लंडनच्या बायकांनी त्यांना गाड्या भरभरून जेवण पाठवलं. राजाची माणसं दमलेली, भुकेलेली, संख्येने निम्मी. संध्याकाळपर्यंत दोन्ही सैन्यं एकमेकांकडे बघत राहिली, आणि राजा परत फिरला. पुन्हा त्याला लंडन हाती लागलं नाही.

"सगळ्या युद्धाचा काटा इथे फिरला," श्रीनिवास म्हणाला. "आणि कमिटीला जेवण आणणाऱ्या बायका हव्यात. मी तुमची नावं दिली."

"आमची?"

"महाराष्ट्र मंडळातल्या बायकांची. सुप्रभा, ऐक ना. दिवस आखल्याप्रमाणे पार पडला, तर पुढच्या वर्षी न्यूबरीच्या लढाईला मला भाला द्यायचा विचार करणार आहेत. कमिटीने लिहून दिलंय."

त्याने कागद दाखवला. चाळिशी उलटलेला माणूस, दिवसाला आठ माणसांना झोपवून परत उठवणारा, आणि तो कागद त्याने चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता. मी हो म्हटलं.

मंडळाचं स्वयंपाकघर म्हणजे यमुनाकाकूंचं स्वयंपाकघर. काकू बहात्तर वर्षांच्या, अठ्ठावन्न साली डॉक्टर नवऱ्याबरोबर बोटीने आलेल्या, आणि तेव्हापासून पश्चिम लंडनमध्ये कुणीही मराठी माणूस त्यांच्या हातून उपाशी सुटलेला नाही. मिस ऑडलीने फर्मान काढलं होतं की बटाटा चालणार नाही, मिरची चालणार नाही, टोमॅटो तर नाहीच.

"मग ही माणसं खात काय होती?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. म्हणून तर यादवी झाली," मी म्हटलं.

शेवटी मटारच्या करंज्या ठरल्या. आलं, मिरी, लवंग घालून. दोन संध्याकाळी आम्ही नऊ जणी लाटत, भरत, तळत होतो. श्रीनिवास ओट्याशी उभा राहून लढाई समजावत होता. "हे लाटणं म्हणजे आपण लंडनवाले. ही किसणी म्हणजे राजा. काकू, एकच लक्षात ठेवा. जेवण फक्त लाटण्याला. किसणीला कण द्यायचा नाही. ते उपाशी आहेत म्हणून परत जातात."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि त्याच्या हातातून लाटणं काढून घेतलं.

सातशे करंज्या झाल्या. लंडनच्या फळीत माणसं साठ. साठ माणसांना सातशे करंज्या कशाला, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नाही.

शनिवारी सकाळी मैदानावर बोचरं वारं होतं आणि गवत ओलं. खरं टर्नहॅम ग्रीन आता लढाईला पुरत नाही, म्हणून जवळचं खेळाचं मैदान घेतलं होतं. फुटबॉलचे खांब निघेनात, तेव्हा त्यांना फांद्या बांधल्या होत्या. दोरीपलीकडे चार-पाचशे लोक, त्यात आमचं मंडळ थर्मास घेऊन. आम्ही नऊ जणी लांब तपकिरी घागरे आणि पांढऱ्या टोप्या घालून टोपल्यांशी उभ्या. काकूंनी घागरा पातळावरूनच चढवला होता. शिल्पा, आमची तेरा वर्षांची कन्या, मंडळाच्या व्हॅनच्या मागे लपली होती.

"आई, माझा शाळेतला कोणी आली ना, तर आय विल डाय. लिटरली."

"मर, पण आधी ही टोपली उचल."

मिस ऑडली पाहणीला आली. तिने करंजी उलटसुलट करून पाहिली आणि खूश झाली. "पेस्टी! अगदी त्या काळातली!" पेस्टी म्हणजे त्यांची करंजीच. मला वाटलं, लोखंड गरम आहे. विचारलं, पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याला भाला मिळेल ना? ती माझ्या हातावर हात ठेवून अगदी गोड आवाजात म्हणाली, "आज नीट पार पडलं तर कमिटी जरूर विचार करेल. पण खरं सांगू का, लांबूनसुद्धा लगेच लक्षात येतं हो. लोकांना सोळाशे बेचाळीस साल खरं वाटायला हवं. आणि पाण्याचं काम तो किती आनंदाने करतो!"

तिच्या पाठीमागे निळ्या प्लॅस्टिकचे चार संडास ओळीने उभे होते. ते काही तिला लांबून लक्षात येत नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण श्रीनिवास समोरच बादली घेऊन उभा होता, माझ्याकडे बघून भुवया उडवत होता, म्हणजे बाई काय म्हणाली असं विचारत होता. मी मान हलवून सगळं छान आहे असं सांगितलं.

बारा वाजता नगारे वाजले. पलीकडून राजाचं सैन्य आलं, सत्तरएक माणसं, पिसांच्या टोप्या आणि लाल पट्टे. पुढे पांढऱ्या घोड्यावर राजा, एरवी रेडिंगचा प्लंबर. अलीकडे आमची लंडनची फळी, साठ भाले सरळ आभाळात. एक तोफ उडाली, कावळे उडाले, एक बाळ रडलं. मग ठरल्याप्रमाणे काहीच झालं नाही. लाउडस्पीकरवरचा निवेदक, एक निवृत्त मास्तर, कागदातून वाचत होता, "दोन्ही सैन्यं एकमेकांकडे बघत आहेत." लोक दोन्ही सैन्यांकडे बघत होते.

साडेबाराला आम्ही टोपल्या घेऊन निघालो. आणि अडचण तिथेच आली. राजाच्या माणसांचं जेवण घेऊन येणारी व्हॅन नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या गर्दीत अडकली होती. ही माणसं पहाटे पाचला घरातून निघालेली. भुकेलेल्या सैन्याचं सोंग करायला आली होती, आणि आता खरोखरच भुकेने व्याकूळ होती. त्यांचा नगारा वाजवणारा, पिकल्या मिशांचा, थंडीने निळा पडलेला, काकूंच्या टोपलीकडे बघत होता. वारं आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होतं, आणि त्यात करंज्यांचा आलं-लवंगेचा वास होता.

काकू मैदानाच्या मधोमध थांबल्या. "सुप्रभा, ती माणसं जेवलीयेत का गं?"

"काकू, त्यांना द्यायचं नाही. ते शत्रू आहेत."

"असतील. पण समोर माणसं उपाशी उभी, आणि आपण इकडे वाढायचं? मला नाही जमायचं." आणि काकू डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळल्या. मागून एकेक करत सगळ्या वळल्या.

मी त्यांना थांबवू शकले असते. माझा आवाज मोठा आहे, सगळं ईलिंग सांगेल. पण माझ्या हातावर अजून त्या गोड बाईचा हात होता. आनंदाने पाणी भरतो काय? मी दुसरी टोपली उचलली आणि काकूंच्या मागे गेले.

मराठी आग्रहापुढे इंग्रजी सभ्यतेचं काही चालत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं. पहिला 'नो, थँक यू' म्हणजे रीत. दुसरा म्हणजे लाजतोय बिचारा. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत काकूंनी हातात दोन ठेवलेल्या असायच्या. उभ्याने खाणं काकूंना पसंत नव्हतं. "सिट, सिट! व्हाय स्टँडिंग? आर यू हॉर्स?" सत्तर माणसं ओल्या गवतात मांडी घालून बसली. मांडी जमेना त्यांनी पाय पसरले. आपोआप दोन ओळी झाल्या, मधून वाढायला वाट झाली. आमच्या बायकांना पंगत दिसली की हात थांबत नाहीत. "एक माझ्या हातची!" "अर्धी तरी!" त्या नगारेवाल्याने सहावी खाल्ली आणि डोळे पुसले.

निवेदकाची मान कागदात होती. "राजाचे सैनिक उपासमारीने खचले आहेत," त्याने जाहीर केलं. लोक हसून हसून दोरीवर पडायला लागले.

एकला माघारीचा नगारा वाजायला हवा होता. नगारेवाल्याच्या हातात करंजी होती. शेवटी त्यांच्या कुणा अधिकाऱ्यानेच तो बडवला. दहा-पंधरा जण गडबडीने उठायला लागले. काकू कडाडल्या, "बसा! जेवता माणूस पानावरून उठतो का कधी? सिट डाऊन! फिनिश फर्स्ट! वॉर आफ्टर!" सगळे बसले, अधिकाऱ्यासकट.

आता आमचे लंडनवीर. समोर शत्रू आपल्या नावाच्या करंज्या खातोय, टोपल्या रिकाम्या होतायत, आणि आपण पोटात कावळे ओरडत असताना ताठ उभे. पहिले दोघे निघाले. मग पाच. पंगतीत जागा करून द्यायला कुणाची ना नव्हती. भाले गवतात ठेवून सगळी फळी शत्रूच्या ओळीत जाऊन बसली. सगळ्यात शेवटी डेनिस सार्जंट राहिला. त्याने एकदा पंगतीकडे पाहिलं, एकदा बादली घेऊन उभ्या असलेल्या श्रीनिवासकडे पाहिलं. "डॉक, एक मिनिट हा धर रे," म्हणाला, आणि भाला त्याच्या हातात देऊन धावत सुटला.

मी तेव्हा राजाला वाढत होते. राजा घोड्यावरून उतरत नव्हता, कारण एकदा उतरला की त्याला परत चढता यायचं नाही. मी वर हात करून करंजी देत होते, घोडा मधेच मान घालत होता, आणि मी इतकी हसत होते की माझी टोपी पडली. आयुष्यात इतकी मजा मला क्वचित आली असेल. तेवढ्यात शिल्पा पळत आली. लपायचं विसरून.

"आई, बाबाला बघ. ही इज ऑल बाय हिमसेल्फ."

मी वळून पाहिलं. एवढं मोठं मैदान, गवतात पडलेले भाले, आणि त्यांच्यामध्ये श्रीनिवास एकटा उभा होता. भाला सरळ. टाच भाल्याच्या बुडाशी. बादली कुठेतरी मागे. चष्मा त्याने काढून ठेवला होता. त्याच्यापलीकडे दोरीशी मिस ऑडली दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभी होती.

दिवस आखल्याप्रमाणे पार पडला तर, असं कागदावर लिहिलं होतं. साधी अट होती, आणि ती मी माझ्या हाताने मोडली होती, एका बाईवरच्या रागापायी. सहा वर्षं तो थांबला होता. मी धावत सुटले, घागरा दोन्ही हातांनी वर धरून.

"श्रीनिवास, सोड ते. चल. माझं चुकलं. मला काकूंना अडवता आलं असतं, मी अडवलं नाही. सगळा विचका केला मी तुझा."

त्याने मानही वळवली नाही. "बाजूला हो, सुप्रभा. राजा येईल."

"अरे, कुठला राजा? तो करंजी खातोय!"

"खाऊन होईल. मग बघेल. समोर कुणीच नसेल तर तो सरळ आत जाईल. आत गेला की संपलं. मग नेझबी नाही, पटनी नाही, ते मताचं भांडण नाही, काही नाही." त्याने त्या जड लाकडावरची पकड घट्ट केली. "हे खोटं आहे, मला माहितेय. पण कुणीतरी उभं राहायला पाहिजे ना? सहा वर्षं मी मागून बघितलंय, हे सगळे कसे उभे राहतात. मला येतं गं."

मी बाजूला झाले. दुसरं काय करणार होते?

निवेदकाने पान उलटलं. "आता राजा लंडनच्या अफाट सैन्याची पाहणी करण्यासाठी पुढे येतो," त्याने वाचलं, आणि मग पहिल्यांदाच मान वर करून मैदानाकडे पाहिलं. लाउडस्पीकरवर त्याचा नुसता श्वास ऐकू आला.

राजाने आपलं नाव ऐकलं. तोंड पुसलं, टोपी सारखी केली आणि घोड्याला टाच मारली. हसणारे लोक हसता हसता गप्प होत गेले. घोडा श्रीनिवासपासून दहा पावलांवर थांबला. राजाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"डॉक," तो हळूच म्हणाला, "सैन्य कुठाय?"

"जेवायला बसलंय," श्रीनिवास म्हणाला. "पण मी आहे."

चष्म्याशिवाय माझ्या नवऱ्याला पुढे फक्त एक मोठा पांढरा ढग दिसत असणार. पण त्याने भाला खाली आणला, शिकवल्यासारखा, दोन्ही हातांनी, टोक घोड्याच्या छातीच्या उंचीवर, आणि तो हलला नाही. राजाने टोपी काढली. घोडा वळवला. आणि एकटाच, सावकाश, ज्या बाजूने आला त्या बाजूला निघून गेला.

"आणि अशा रीतीने," निवेदक म्हणाला, त्याचा आवाज चिरकला, "लंडन जागचं हललं नाही."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मंडळाच्या लोकांनी थर्मास आपटले. पंगतीतली माणसं उठून उभी राहिली, लाल पट्टेवाली आणि आमची, तोंडात घास असलेली, आणि या खेपेला काकूंनीही कुणाला बसवलं नाही. शिल्पा दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत होती. ही विद्या तिला कुणी शिकवली, देव जाणे.

मिस ऑडली दोरीखालून वाकून आत आली. तरातरा डेनिसपाशी गेली. "सार्जंट, त्याच्याकडून भाला घ्या. लगेच. फळी नीट करा, लोक बघतायत."

डेनिस श्रीनिवासकडे आला. मिशीत मटार होता. त्याने हात पुढे केला. श्रीनिवासने भाला सरळ केला, त्याच्याकडे द्यायला लागला. तो शिस्तीचा माणूस, हातचं परत द्यायचं म्हटल्यावर देणार.

डेनिसने तो ढकलून परत त्याच्या छातीशी लावला. मग खाली वाकला, गवतातला दुसराच भाला उचलला, आणि श्रीनिवासच्या डाव्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. बसच्या डेपोत ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, "लंडन! डॉक्टरला धरून फळी करा!"

फळी करताना एक माणूस आधी उभा करतात, बाकीचे सगळे त्याला बघून ओळ धरतात, आणि त्याने पाऊल उचललं की निघतात. एरवी तो माणूस डेनिस असतो. बाकीची माणसं हात झटकत, करंजीचे तुकडे गिळत धावत आली. भाले उचलले गेले. एकेकाने मान वळवून माझ्या नवऱ्याच्या खांद्याशी आपला खांदा जुळवला. डावीकडे तीस, उजवीकडे तीस.

मी रडत होते. हसतही होते, पण रडत जास्त होते. लोकांत रडायची मला लाज वाटते, त्या दिवशी वाटली नाही.

नगारा सुरू झाला. आता पुढे चालायचं, लोकांसमोरून एक फेरी मारायची. नगारा वाजतोय आणि फळी तशीच उभी. लोक वाट बघतायत. कुणी हलेना. श्रीनिवास समोर बघत ताठ उभा, बाकीचे कधी निघतात याची वाट पाहत. सहा वर्षांची सवय, सगळे निघाले की मग मागून निघायचं.

डेनिस तोंडाच्या कोपऱ्यातून पुटपुटला, "डॉक, आम्ही तुझ्यासाठी थांबलोय."

श्रीनिवासने डावा पाय उचलला.